ओल्या पाटीवरचा हात

बसथांब्यावरच्या गावाच्या पाटीला आज पुन्हा रंग लागत होता. ऑइलपेंटचा तो वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

गावाचं नाव बदललं त्या ग्रामसभेच्या वेळीही, ती भरली त्या शाळेला असाच ताजा रंग दिला होता. मी दहा वर्षांची, खिडकीच्या गजांना तोंड लावून उभी. गाव तेव्हा ढिवरबोडी होतं. मासे धरणाऱ्या आम्हा ढिवरांच्या बोडीवरून, म्हणजे तलावावरून पडलेलं नाव. सरपंचाला ते सांगायची लाज वाटायची. त्याला गावाला आपल्या मालगुजार आजोबाचं, त्या जुन्या जमीनदार रावसाहेबाचं, नाव द्यायचं होतं.

"ज्याले औंदा तलावात जाळं टाकाचं हाय, त्यानं हात वर करा," तो म्हणाला. आमच्या साऱ्यांचे हात वर गेले. बाबाचाही, जाळ्याच्या दोरीनं चिरलेला.

"आता तसेच ठेवा. रावसाहेबनगर या नव्या नावालेबी हेच हात मोजून राहिलो."

एकही हात खाली आला नाही.

घरी मी ओरडले, "बाबा, हात काहून खाली नाई घेतला?"

"घेतला असता त तलावाचा ठेका गेला असता, माय."

कितीतरी वर्षं मी बाबाला भित्रा समजले. आता कळतं, भित्रा तो सरपंच होता. नुसतं नाव पुढे ठेवून विचारायची त्याची छाती नव्हती.

"काकू, सरका, रंग ओला हाय," पाटी रंगवून घेणारा सरपंचाचा मुलगा आज मला म्हणाला.

मी सरकले नाही. तेव्हा वरच राहिलेला बाबाचा हात मी आज खाली आणला, माझा तळवा रावसाहेबनगरच्या ओल्या अक्षरांवर टेकवला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून ओढला.