रेघ कुठून सुरू केली?

आधी माझ्या मोठ्या बहिणीचं, शांताताईचं नाव घेतो. पेणच्या मिठागरावर मीठ वाहून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं, म्हणून मी फौजदार झालो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रोह्यात असताना घडलेलं एक प्रकरण आठवलं की आजही डोकं तापतं.

एका रसायन कंपनीच्या मॅनेजरने फिर्याद दिली, की गोदामातून सॉल्व्हंट हे महागडं द्रव रसायन चोरीला जातंय. संशय रामवाडीच्या एका कामगारावर. पुरावा म्हणून मॅनेजरने रंगीत कागद टेबलावर ठेवला. कंपनीत धंद्याचे आकडे चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर नुकतंच आलं होतं, त्यातून काढलेला तो आलेख. दर महिन्याची तूट आधीच्या तुटीत मिळवत जायची आणि ती वाढती बेरीज रेघेने दाखवायची. रेघ शून्यावरून निघून सरळ वर गेली होती. शून्य होतं तो कामगार रुजू झाला त्या महिन्यात.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, साहेब," मॅनेजर म्हणाला. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना ते पटलं. अटक झाली.

जबाब घ्यायला मी बसलो. खोटं बोलणारा बहुधा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हा प्रश्न पुरता ऐकून घ्यायचा, मग एवढंच म्हणायचा, "मी नाय घेतलं. टँकरमधनंच माल कमी येतो. तसं बोललो तवापासून मॅनेजरसायब माझ्यावर डाफरतात."

त्याची बायको पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून होती. घरी का जात नाही, असं विचारलं तर म्हणाली, "जाऊ कशी? नळावर बाया बोलतात, चोराची बायको आली गो, हंडे सांभाळा."

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीला विचारलं, ही रेघ खाली कधी येते? ती म्हणाली, येतच नाही. तूट थांबली तर फक्त आडवी होते. मग ती याच महिन्यापासून का सुरू केली? तिने मॅनेजरकडे पाहिलं.

"सरांनी हीच तारीख टाकायला सांगितली."

"दोन वर्षं मागून काढा."

जुने आकडे कामाचे नाहीत, असं मॅनेजर म्हणू लागला. मी त्याला बाहेर बसवलं. नवी रेघ निघाली. कामगार येण्याच्या कितीतरी आधीपासून ती त्याच चढाने वर जात होती. तो आला त्या महिन्यात तिला साधा बाकही नव्हता.

मग टँकरवर पाळत ठेवली. कोलाडजवळ एका ढाब्यामागे पाईप लावून पिंपं भरताना चालक सापडला. पंचनामा झाला. त्याच्या जबाबातून मॅनेजरचा वाटा बाहेर आला. कमी आलेला माल तोच पुरा म्हणून उतरवून घ्यायचा, म्हणून तूट गोदामातली वाटायची. बेड्या घालताना मॅनेजर मला म्हणाला, "आलेखातला एकही आकडा खोटा नव्हता."

ते खरं होतं, आणि म्हणूनच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तेव्हापासून कोणीही आकडे पुढे केले की मी आधी विचारतो, मोजायला कुठून सुरुवात केलीत?

कामगार सुटला, पण त्याच्या सुटकेच्या कागदावर शब्द आले 'पुराव्याअभावी'. कायद्याची ठरलेली भाषा. रामवाडीत तिचा अर्थ काय लावतील, हे मला ठाऊक होतं. ताई लग्नानंतर तिथेच राहत होती. मी तिला लिहिलं:

"ताईस नमस्कार. हे पत्र घेऊन सकाळी नळावर जा आणि सगळ्या बाया जमल्या की वाचून दाखव. तुझा आवाज मोठा आहे, तो आज वापर. त्या माणसाने काहीही घेतलेलं नाही. चोर दुसरे होते, ते आम्ही धरले. हे मी, रोह्याचा फौजदार, सही करून लिहितो. कोणी हसलं तर पुन्हा पहिल्यापासून वाच. आणि त्याची बायको मागे उभी असेल, तर तिला हाताला धरून पुढे आण."