तिसऱ्या मजल्यावरचा डबा

बोरीवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे मयत झाली की त्या घरात गॅस पेटत नाही, शेजारी पिठलंभात आणून देतात. माझा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेला, तेव्हा पहिला डबा तिसऱ्या मजल्यावरून आला. दहिसरला मित्राकडच्या पार्टीनंतर कोणीतरी त्याला भोसकलं, एवढंच तोवर कळलं होतं. "खा गं दोन घास," म्हणत तिसऱ्या मजल्यावरच्या तिनं मला भरवलं. मी खाल्लं.

चौथ्या दिवशी पोलीस तिच्याच मुलाला घेऊन गेले. नुकती अठरा पूर्ण झालेली. आमच्याच घरी कॅरम खेळत मोठा झालेला.

डबा माझ्याकडेच राहिला. स्टीलचा, तिच्या मुलाच्या बारशाला आलेला, झाकणावर त्याचं नाव घातलेला. केस वर्षभर चालली, तोवर तो ओट्याखाली पडून होता. लोक विचारायचे, राग येत नाही का? राग कसला डोंबलाचा! मला भूकसुद्धा लागत नव्हती.

गेल्या महिन्यात, एकोणिसाव्या वर्षी, त्याला जन्मठेप झाली. कोर्टातून घरी येऊन मी डबा घासला, पुसला आणि खाली गेले. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मला घालण्यासारखं काही सुचलं नाही.

तिनं दार उघडलं. मी डबा तिच्या हातात दिला.

तिनं सवयीनं झाकण उघडून आत पाहिलं.