क्लोरिंदा दार अडवून उभी राहिली

कारेमा गावाच्या चढावरच्या द्राक्षमळ्यांत क्लोरिंदाएवढं ओझं वाहणारी दुसरी बाई नव्हती. भरली टोपली पाठीवर घेऊन ती बांधाच्या दगडी पायऱ्या उतरू लागली की पुरुषसुद्धा वाट सोडून उभे राहत. बोलणं मात्र मोजकं. ती नऊ वर्षांची असताना तिचे दोन मामा एकाच दुपारी, एकाच तळघरात मेले. थोरला, द्राक्षं आंबताना सुटणाऱ्या वायूनं. धाकटा, त्याला काढायला धावला म्हणून.

लग्न होऊन आल्या आल्या तिनं नवऱ्याला, एवासियोला बजावलं होतं, सुगीत तळघरात उतरायचं ते पेटती मेणबत्ती पुढे धरूनच, ज्योत विझली की मागे फिरायचं. तो हसायचा, पण ऐकायचा.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात मात्र त्याला दम नव्हता. गावाच्या वाइनला सरकारी मान्यता मिळून सात वर्षं झाली होती, यंदा आपलीही तपासणीत उतरलीच पाहिजे, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. पिंपातल्या रसावर येणारा सालींचा थर दांड्यानं दाबायला तो सारखा खाली पळायचा. त्या दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता वाढून तिनं हाक मारली. ओ आली नाही.

ती मेणबत्ती घेऊन उतरली. तिसऱ्या पायरीवर ज्योत विझली. खाली, वरच्या दारातून पडलेल्या कढईएवढ्या उजेडात एवासियो पालथा पडलेला दिसला.

ती उलट्या पावली ओरडत वर आली, तोच ते ऐकून दीर जेलिंदो धावत आला. "वहिनी, हो बाजूला!"

तिनं दोन्ही हात चौकटीला रोवले. "नाही."

"अगं, मरतोय तो!"

"तू उतरलास तर दोघं मराल. गल्लीतून जा, तळघराचं खालचं दार फोड, आतून अडसर आहे. वायू जड असतो, तिकडून वाहून जाईल."

"काळीज आहे का तुला?"

"शिव्या मागाहून दे. कुऱ्हाड घे!"

त्यानं तिला ढकललं. ती हलली नाही. शेवटी तो शिव्या देतच पळाला.

फळीवर घाव बसू लागले. क्लोरिंदा एवासियोच्या बुटाच्या तळव्याकडे बघत राहिली. बूट हलत नव्हता. पाय खाली जायला ओढत होते, तिनं चौकट आणखी घट्ट धरली. फळी फुटली, तोंडावर गार वारा आला. तिनं मेणबत्ती पुन्हा पेटवली, पायरी पायरी उतरली. ज्योत थरथरली, पण राहिली. दोघांनी मिळून एवासियोला गल्लीत ओढलं. ओठ निळे पडले होते. जेलिंदोनं तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला, किती वेळ, देव जाणे. मग एवासियो खोकला.

तो जगला. हात मात्र कापायचे, बोलताना शब्द हरवायचे. "लवकर काढला असता तर," एवढंच जेलिंदो गावात म्हणायचा, आणि समोरच्याच घरात राहूनही वहिनीशी बोलायचा नाही. तिनं कुणाला काही समजावलं नाही.

एकदा सूप भरवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "राग आहे माझ्यावर?"

त्यानं खिडकीकडे मान वळवली. "जेलिंदो… जिवंत आहे ना?"

"आहे. समोर लाकडं फोडतोय."

"मग झालं," तो म्हणाला आणि तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट बघू लागला.