परी कुणाकडे जेवली

"जेवली होती का, एवढंच सांगा."

समोर पोलीस असो, नगरसेवकाचा माणूस असो, नाहीतर मसाला कुटायला आलेली परळची कुणी बाई असो, ती सगळ्यांना हेच विचारायची. मिरच्यांची देठं काढता काढता मान वर करायची आणि विचारायची. हात थांबायचे नाहीत. उत्तर आलं नाही की मान परत खाली.

तुम्हीही तिला पाहिलं असेल. निळी साडी, चापून बसवलेले केस, कोरडे डोळे. काही दिवस तर कुठलंही चॅनल लावा, तीच दिसायची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीत ते पुरेसं फिरून झालं आहे.

लालबागला आमचा मसाल्याचा डंका आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. बायका मिरच्या, धणे, गरम मसाला आणतात, आम्ही निवडून, भाजून, कुटून देतो. ती माझ्याकडे मिरच्या निवडायला होती. हाताला चलाख, बोलायला बेताची. कामाच्या माणसात मला एवढंच लागतं. राहायला मागच्याच चाळीत. परी तिची मुलगी, पहिलीत जाणारी. कधीतरी आईला शोधत डंक्यावर यायची, दोन शिंका द्यायची आणि पळायची.

त्या चाळीत दुपारी दार लावायची पद्धत नव्हती. पोरं वासावर जायची. कुणाकडे कालवणाचा वास आला की तिथे, नाहीतर वरणभाताच्या शिटीवर दुसरीकडे. जी आई घरी असेल ती वाढायची आणि जी कामावर असेल ती विचारायचीही नाही, कारण उद्या तिची पाळी असायची. दुपारी पोर घरात नाही म्हणजे ते हरवलं असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. कुणाकडे तरी ते जेवत असायचं. परी तर यात नामांकित होती. एका घरी भात खायची, ताक प्यायला दुसऱ्या घरी जायची.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ही सकाळी माझ्याकडे आली तेव्हा परी गॅलरीत कठड्याला लोंबकळत होती. दिवसभर आमच्याकडे गर्दी होती. दिवेलागणीला ही घरी गेली आणि नेहमीसारखी दारोदार हाक मारत निघाली, "परी, चल गं, पुरे आता." हाक मारत ती शेवटच्या दारापर्यंत गेली आणि तेव्हा तिला कळलं.

पोलिसांना तिने खरं ते सांगितलं. "मला वाटलं, कुणाकडे तरी जेवत असेल." तेच वाक्य रात्री टीव्हीवर गेलं. त्यावर एक सूटवाला ओरडला, "सुबह से शाम तक माँ बेफिक्र थी!" मागे दोन ढोल वाजले. ज्या घरांत जेवायच्या वेळी बेल वाजवावी लागते, त्या घरांतल्या लोकांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना एकदमच कळलं की बाई खोटं बोलते आहे.

"कुणाकडे जेवली?" पोलिसांनी चाळीत विचारलं. पहिल्यांदा दुसऱ्या माळ्यावरच्या एका माणसाचं नाव पुढे आलं. त्याने तिला कधीतरी चॉकलेट दिलं होतं. त्याला चौकीत बसवून ठेवलं आणि सोडलं तेव्हा त्याच्या दाराशी कॅमेरा उभा होता. ते बघून अख्खी चाळ शहाणी झाली. "आमच्याकडे ती यायची नाही." "आम्ही आपलं दार लावून जेवतो बाबा." आदल्या आठवड्यापर्यंत जिने परीच्या ताटात माशाची तुकडी वाढली होती, तीच कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "तशी आमची ओळख कमीच." आणि मग खरोखरच दुपारची दारं लागायला लागली.

ही त्याच आठवड्यात कामावर हजर झाली. लायनीतली एक बाई मला ऐकू येईल अशी म्हणाली, "पोरगी बेपत्ता आणि ही मिरच्या निवडत बसलीय. काळीज आहे का दगड?"

"तुमच्याच आहेत मिरच्या," मी म्हटलं. "देऊ परत? निवडा घरी बसून."

बाई लायनीत मागे सरकली. पण तिचं म्हणणं रस्त्यावर सगळे म्हणत होते. म्हणून मीही एकदा हिला विचारलं, "घरी का बसत नाहीस?"

"ताई, तुमच्याकडे सगळ्या चाळींच्या बायका येतात. एकेकीला विचारता येतं."

"पण जेवली का, हे कळून काय होणार आहे?"

तेव्हा तिने मला समजावलं, सावकाश, हिशोब समजवावा तसं. "मी निघाले तेव्हा ती गॅलरीत होती. पोलीस सकाळचेच कॅमेरे बघतायत, पुढल्या रस्त्यावरचे. ती कुणाकडे जेवली असली तर दुपारपर्यंत चाळीतच होती ना? मग दुपारनंतरचं बघायला पाहिजे. दुकानवाल्यांच्या कॅमेऱ्यातलं थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, जेवली हे कोण सांगतं? तूच ना?" हातातलं देठ तोडून म्हणाली, "माझ्यावर घ्या हो शक, कितीही घ्या. पण सगळे माझ्याकडेच बघत बसले तर तिच्याकडे कोण बघणार?"

त्या सगळ्या प्रकरणात एवढं सरळ बोललेलं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

एक चॅनलवाला डंक्यावर आला होता. गोरा, इस्त्रीचा शर्ट, वागायला नम्र. म्हणाला, "मॅम, काम करता करता बाइट घेतो. नॅचरल वाटतं." मी म्हटलं, घ्या. डंका चालू होता, मिरचीचा खकाणा उडत होता. माईक पुढे करून त्याने "आपको बेटी की..." एवढंच म्हटलं आणि त्याला जो ठसका लागला! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. कॅमेरावाला भिंतीला धरून शिंकत होता. हिने दोघांना पाणी दिलं, गूळ दिला. परीचा फोटो पुढे धरून विचारलं, "हे दाखवाल ना?" डोळे पुसत तो हो म्हणाला. संध्याकाळी टीव्हीवर फोटो आलाच नाही. आली ती हिच्या डोळ्यांची चौकट, मोठी करून. त्यावर प्रश्न होता, या आईच्या डोळ्यांत एक थेंबही का नाही? त्याचं स्वतःचं रडणं मात्र त्यांनी कापलं होतं. मला हसू आलं. ती शेजारी बसली होती, म्हणून गिळलं.

नवरा शिवडीला एका गोदामात होता. पोलिसांनी त्याला इतक्या वेळा बोलावलं की मालकाने त्याला येऊ नको सांगितलं. तो गावी भावाकडे गेला. चॅनलवर झालं, 'बाप फरार'. फरार कसला, चिपळूणला भावाच्या पडवीत बसून होता. पत्ता मीच पोलिसांना दिला होता. पण तो परत आला नाही हेही खरं.

मग दुसऱ्या कुठल्यातरी शहरात दुसरं काही झालं आणि कॅमेरे तिकडे गेले. तिच्यावर कुणी कधी गुन्हा नोंदवला नाही आणि ती निर्दोष आहे असंही कुणी कधी सांगितलं नाही. रस्त्यात आया तिला बघून पोरांचे हात धरायच्या. ती देठं काढत राहिली, विचारत राहिली. बायका तिला उत्तरच द्यायच्या नाहीत. वेड्याला देत नाहीत तसं.

दोनतीन उन्हाळे गेले. चाळ पाडायची ठरली, माणसं सामान बांधून निघायला लागली. एप्रिलात टोकाच्या खोलीतली म्हातारी शेवटचा मसाला करून घ्यायला आली. मुलगा तिला विरारला नेणार होता. आमच्याकडे बाई आपला मसाला कुटून होईपर्यंत त्याच्या शेजारून उठत नाही. आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात जाऊ नये म्हणून ही जुनी रीत. त्या दिवशी जागा होती ती हिच्याच बाजूला. म्हातारी तिथे टेकली. डंका धाडधाड चालू होता. म्हातारी पुढे वाकून हिला काहीतरी बोलली. हिने मानेनेच विचारलं, काय? म्हातारी परत बोलली. मला वाटलं मसाल्यात काही बिघडलं, म्हणून मी मोटार बंद केली.

आणि त्या शांततेत म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, ओरडूनच, कारण तिला अजून डंका कानात होता, "माझ्याकडे जेवली गो ती!"

हिचे हात थांबले.

"बोंबलाचं कालवण नि भात. दोनदा भात घेतलान. झील माझा तेव्हा घरी होता, सुट्टीवर. त्यानं शपथ घातली, आये, तोंड उघडू नको, मला उचलतील. काय करू गो मी?"

लायनीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "सकाळी चहा-बटर माझ्याकडे खाल्लं होतं." चाळीतलीच ती. तिने तोंडाला पदर लावला होता. लावायचं कारण नव्हतं, मोटार बंद होती.

मला वाटलं, ही आता म्हातारीला धरून हलवेल. हलवलं असतं तर मी सोडवायला गेले नसते. पण तिने विचारलं, "पोटभर?"

"पोटभर. ताट पुसून."

"मग कुठल्या जिन्याने गेली?"

"मागच्या. हात धुतलान नि मागच्या जिन्यान उतरली."

मागचा जिना मागच्या गल्लीत उतरतो. तिथे कुणी कधी शोधलंच नव्हतं. म्हातारीला टॅक्सीत घालून मी दोघींना चौकीत नेलं. साहेब नवीन होता, नीट वागला. सगळं लिहून घेतलं. मग पेन बाजूला ठेवून म्हणाला, "बाई, त्या दुपारचं चित्रण आज मी कुठून आणू?"

त्यानंतर ती कामाला आली नाही. पगार घरी द्यायला गेले तर खोलीला कुलूप. शेजारी रिकामे झालेले, विचारणार कुणाला?

एकदाच दिसली. दुपारची वेळ होती, मी बँकेतून मागच्या गल्लीने येत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी ती उकिडवी बसली होती, पाठ वाकवून, मान खाली घेऊन. आधी वाटलं, चक्कर आली. मग बघितलं, तिने डोळे बरोबर पहिलीतल्या पोरीच्या उंचीवर आणले होते आणि तिथून काय काय दिसतं ते ती बघत होती. हातगाडीवाला थांबला. "काय पडलं काय, मावशी?"

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "पलीकडचं दिसत नाही."

तो सरकला. ती उठली, थोडी पुढे गेली आणि परत बसली. मग परत पुढे. मी हाक मारली नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ता दोन्हीकडे फुटतो, एक शिवडीकडे, एक स्टेशनकडे. तिथे ती बसली ती बराच वेळ उठलीच नाही.