दुसऱ्या मजल्यावरचा कुड

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये मी काँक्रीटला पडणाऱ्या भेगांवर पीएचडी करत होते. सोमवार ते शुक्रवार भेगा सोबतीला असायच्या. प्रश्न शनिवार-रविवारचा होता. एका सोमवारी सकाळी बेकरीत ब्रेड मागायला गेले आणि आवाजच फुटेना, तेव्हा लक्षात आलं की दोन दिवसांत आपण तोंडच उघडलेलं नाही. म्हणून इन्स्टिट्यूटच्या फलकावर ‘जुन्या हेरनहाउसच्या दुरुस्तीसाठी शनिवारी हात हवेत’ अशी चिठ्ठी दिसली, तेव्हा मी वास्तूवरच्या प्रेमाने वगैरे गेले नाही. तिथे दुपारचं जेवण सगळ्यांसोबत असतं, असं खाली लिहिलं होतं. त्यासाठी गेले.

हेरनहाउस म्हणजे मध्ययुगातल्या कोण्या जहागीरदाराचं घर. तळमजला दगडी, वरचे दोन मजले ओकच्या लाकडी सांगाड्याचे, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेला. उभे खांब, आडव्या तुळया, कोपऱ्यात तिरके टेकू. मूळ कामात लोखंडी खिळा नावाला नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी आवळलेले. कुठलं लाकूड कुठे बसतं ते कळावं म्हणून सुतारांनी जोडाच्या दोन्ही बाजूंना सारख्या खुणा कोरलेल्या. घरात एक रेघ सरळ नव्हती, तरी घर ताठ होतं. संरक्षित वास्तू असल्यामुळे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय ढलपीसुद्धा हलवायची नाही. मधल्या काळात कोणीतरी शहाणपणा करून लाकडांमधला एक चौकोन सिमेंटने भरला होता. त्याच्यामागे पाणी कोंडून ओकचा पार भुगा झाला होता. मिस्त्रीने तो भुगा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा सिमेंटवाली म्हणून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

हा मिस्त्री मातीकामातला, सत्तरीचा, कमी बोलणारा. दुसऱ्या मजल्यावर त्याने एका चौकोनाचा गिलावा उतरवला आणि मी बघतच राहिले. उभ्या दांड्या, त्यांत विणलेल्या फांद्या, वर माती आणि पेंढा. कुड! आमच्या वस्तीत तुराट्यांचा असायचा, इथे ओकच्या दांड्या आणि हेझेलच्या फांद्यांचा, एवढाच फरक. गावाबाहेरच्या त्या वस्तीत मी बारावीपर्यंत कुडाच्या घरात राहिले. दर दिवाळीआधी आई आणि मी मिळून तो लिंपायचो. पुढे तो पाडून विटांचं घर उभं राहिलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

बाकीचे थापी घेऊन माती लावत होते आणि ती पडत होती. मी बूट काढले, माती पायांनी तुडवली, विणलेल्या फांद्यांवर पाणी मारलं, गोळा जोरात आपटला आणि ओल्या तळव्याने खालून वर ओढत नेला. माती धरली. सगळे थांबून बघायला लागले.

“कुठे शिकलीस?” मिस्त्रीने विचारलं.

“भारतात, विद्यापीठात,” मी म्हणाले. “एक कोर्स होता.”

घराबद्दल कोणी विचारलं की खोटं आपोआप तोंडात येतं. ही हॉस्टेलपासूनची सवय. तिथे गाव विचारणारे लगेच आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की जेवणाचं टेबल बदलायचे. या बिचाऱ्या म्हाताऱ्याला माझ्या आडनावाचं काय कळणार होतं? पण जीभ थांबली नाही.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” मिस्त्री खूश झाला. “आता विद्यापीठंही शहाणी व्हायला लागली.”

पुढचे दोन महिने दर शनिवारी मी त्या टेबलावर बसले. सूप, काळा ब्रेड, गप्पा. मला हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त ते कोर्सवालीला मिळत होतं. कोर्सबद्दल विचारलं की ती उत्तरं द्यायची आणि मी तिच्या शेजारी गप्प बसून असायचे. एवढं एकटं तर मला बंद खोलीतही वाटलं नव्हतं. वास्तू लोकांना दाखवायच्या दिवशी मिस्त्रीने मला भिंतीपाशी उभं केलं आणि माझ्या विद्यापीठाचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. एक बाई अभ्यासक्रमाची प्रत मागायला लागल्या. मेलवर पाठवते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईला भिंतीचा फोटो पाठवला आणि फोन केला. तिचं शिकवणं मी विद्यापीठाच्या नावावर खपवलं, हे आज सांगून टाकायचं होतं. तिने चांगलं झापावं, एवढीच इच्छा होती.

“काठ नीट दाबला नाही तुनं,” ती आधी म्हणाली. मग हळू आवाजात, “त्या लोकायले सांगतलं तं नाही ना, आपण कुडाच्या घरात राहत होतो म्हणून?”

“नाही.”

“बरं केलं.”

तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्या घराची लाज मला एकटीलाच वाटते, आणि तिच्यापासून ती लपवायची असते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती माझ्यापासून तेच लपवत होती. मला रडू आलं.

“आई, मी सांगू का त्यांना? तू शिकवलं म्हणून?”

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हाक मारली.

“मले हसतील का ते?” तिने विचारलं.