फेट्यातला फोटो आणि भरलेली डिस्क

शहाद्याकडच्या एका केळीवाल्यांच्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायला जायचो. सांभाळायला म्हणजे बोलणी खायला. एका सकाळी मॅनेजरांचा फोन आला, पावत्या निघत नाहीत, लगेच या. गेलो तर वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरची रांग, आणि मॅनेजर आपल्या मोबाइलमधले सुप्रभातचे फोटो एकेक करून पुसत बसलेले. "डिस्क फुल दाखवतंय ना, जागा करतोय," म्हणाले. मोबाइल यांच्या खिशातला, डिस्क सर्व्हरमधली. मी कपाळावर हात मारला आणि आत गेलो.

रांगेत पहिला ट्रॅक्टर तापीकाठच्या एका काकींचा होता. वर्षभर राबून वाढवलेली केळीची बाग कापून आणलेली. दिल्लीचा ट्रक दुपारी निघणार, आणि कॉम्प्युटरच्या पावतीशिवाय व्यापारी एक घड उचलणार नाही. काकी खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, केया कापेल शेतस. तुन्हा मशीनसाठे त्या थांबतीन का?"

सर्व्हर उघडून बघितला. वजनाच्या नोंदी मूठभर. सगळी जागा कंटेनरनी गिळलेली. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान एकत्र भरलेला डबा. हे डबे डिस्कवर रचणारा स्टोरेज ड्रायव्हर धड असेल तर जुनं सामान एकदाच ठेवतो आणि बदललेलं तेवढंच वर चढवतो. आमच्याकडे होता व्हीएफएस, तो दरवेळी सगळंच्या सगळं पुन्हा कॉपी करतो. वरणात मीठ कमी पडलं म्हणून नवं पातेलं चढवून वरण पहिल्यापासून रांधायचं, आणि जुनं पातेलंही तसंच ठेवून द्यायचं, असला कारभार. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांकडून दुसरा ड्रायव्हर चालेना, तेव्हा हा लावून ते जेवायला गेले ते गेलेच.

आणि बदलायचं काय असायचं? तर पावतीवरचा कंपनीच्या अध्यक्षसाहेबांचा फोटो. दिवाळीला हात जोडलेला, पोळ्याला बैलाशेजारचा, वाढदिवसाला फेट्यातला. सण आला की नवा फोटो, नवा फोटो की नवा डबा, आणि जुना एकही टाकायचा नाही.

"जुने डबे उडवतो, काटा लगेच चालू होईल," मी म्हणालो. पण पुसायचा पासवर्ड मॅनेजरांकडे. ते म्हणाले, "त्यात साहेबांचे फोटो आहेत. एखादा गेला तर मला घरी बसवतील." साहेबांना विचारावं तर साहेब सत्काराला धडगावला निघालेले, घाटात रेंज नाही. ज्याच्या सत्काराला अख्खा तालुका जमतो त्याला एक फोन लागत नाही. माझं डोकं असं तापलं की काय सांगू.

रेंज आल्यावर साहेब खुशीत होते. "उडवा, उडवा. फेट्यातला तेवढा आधी मला पाठवा." मी शोधून पाठवला. हा नाही, गुलाबी फेट्यातला. गुलाबी पाठवला. यात डोळे मिटलेत, दुसरा बघा. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला, परत दिला, आणि आदल्या दिवशी पावती झालेला तेवढा माल घेऊन तो निघून गेला. मग पासवर्ड मिळाला. जुने डबे पुसले, काटा सुरू झाला. मॅनेजरांनी पेढे मागवले. मी एकही घेतला नाही.

काकींचा माल उन्हात ट्रॉलीतच राहिला. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने घड बाजूला सारून आत पाहिलं. मधल्या फण्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. असला माल दिल्लीपर्यंत टिकत नाही, म्हणाला, आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला.

काकी पावती घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी ती माझ्यासमोर उलगडून धरली.

"वजन तं बरोबर शे, भाऊ. आते हाई पावती कोनले इकू?"