वैशालीचा काळा स्क्रीन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड माहीत नाही. पण आता तोंड उघडलंच आहे, तर ऐका.

मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळायचो. राहायला चौकला. सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, तिथे दुसऱ्या कुणाला ते कळत नव्हतं, त्यामुळे माऊस अडकला तरी फोन मलाच. तिथे वैशाली माल पाठवण्याचं काम बघायची. कर्जतच्या पलीकडचं गाव, घरी सासू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. म्हणून तिला एकटीला घरून काम करायची मुभा होती. मॅनेजरांनी दिलेली, तीही कुरकुरत. तिच्या लॅपटॉपवरून ऑफिसातल्या तिच्या मशीनमध्ये शिरायचं रिमोट लॉगिन मीच लावून दिलं होतं. ते चाललं तर तिची नोकरी चालणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दसरा झाला आणि ते बंद पडलं. पासवर्ड घ्यायचं, जरा थांबायचं, आणि मग — काळा स्क्रीन. एरर नाही, काही नाही. असल्या मशीनशी तुम्ही कधी डोकं लावलंय? एरर आली तर निदान भांडता तरी येतं! मी चौकला बसून रिमोट लॉगिनची सर्व्हिस रीस्टार्ट केली. मशीन रीस्टार्ट केलं. सर्व्हिस काढून पुन्हा टाकली. लॉग वाचले, तर लॉगचं म्हणणं, सगळं ठीक आहे. काय ठीक आहे, कपाळ? तिच्या गावच्या नेटला शिव्या घालून झाल्या. आणि मधूनमधून तिचा फोन : "दादा, अजून काळाच हाय रं. मी कशाला हात पन लावला नाय." मी खेकसायचो. हो — तिच्यावरच. तिकडून मॅनेजरांचे टोमणे वेगळेच. तुला जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो.

शेवटी वैतागून मोहोपाडा गाठलं. तिच्या मशीनसमोर बसलो, बंद करून चालू केलं, आणि पासवर्ड न विचारताच तिचा डेस्कटॉप उघडला.

तेव्हा लख्ख कळलं.

खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा असते. मॅनेजरांचा हट्ट असा, की बंद स्क्रीनला कुंकू लावायचं नाही. सगळे चालू हवेत, वर देवीचा फोटो हवा. भटजी दारात आल्यावर प्रत्येकाचा पासवर्ड कोण टाकत बसणार? म्हणून मी सगळीकडे ऑटो-लॉगिन लावलं होतं, म्हणजे मशीन पासवर्ड न विचारता उघडतं. पूजा झाली, पेढे खाल्ले, घरी आलो. काढायचं राहिलं. बाकीचे खुर्चीत बसूनच काम करायचे, त्यांना काय फरक पडणार? पण वैशालीचं मशीन चालू झालं, की तिच्या नावाने आपोआप आत लॉगिन व्हायचं. मग खरी वैशाली बाहेरून आली, की त्याच नावाला दुसरा डेस्कटॉप मिळायचा नाही, नुसता काळा स्क्रीन. आत आधीच कोण आहे, ही सगळ्यात साधी गोष्ट मी पाहिलीच नव्हती. दर रीस्टार्टला मीच तिला बाहेर ठेवत होतो.

ऑटो-लॉगिनसमोरची एक खूण काढायची होती. काढली. लॉगिन सुरू झालं.

इथपर्यंत चूकच होती, नाही का? चूक कुणाकडूनही होते. पण मग मॅनेजर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, काय झालं होतं? आणि मी... लाज वाटली म्हणून? काम हातचं जाईल म्हणून? का इतके दिवस बोलणी खाल्ल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता म्हणून? काहीही असो. मी म्हणालो, "तिनेच घरून काहीतरी सेटिंग बदललं होतं, साहेब."

मॅनेजरांना निमित्तच हवं होतं. घरून काम बंद. रोज ऑफिसात ये, नाहीतर राहू दे. सासूला एकटं टाकून ती कुठून येणार? तिने नोकरी सोडली. सोडल्यावर मला फोन केला. "माझ्याकडनंच कायतरी दाबलं गेलं असंल रं दादा. तुला उगाच तरास झाला." आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "होतं असं कधीकधी." वर तिची समजूत घातली. किती नालायक असावं माणसाने!

परवा खालापूरला तहसील कचेरीबाहेर ती भेटली. नवरा बरोबर होता. सासू गेल्याचं सांगितलं. नोकरी मिळाली का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "ह्येच ते दादा. माझी नोकरी वाचवाया ह्यांनी लई खटपट केली." त्याने मला हात जोडले. तिथे तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मीही हात जोडले, आणि त्यांनी मागवलेला चहा प्यायलो.